न दिसणे आणि नसणे : व्हर्च्युअल मशीनच्या मंदपणाचा प्रमाणविचार

एखादी वस्तू दिसत नाही, एवढ्यावरून ती नाहीच असे केव्हा म्हणता येते, हा भारतीय दर्शनांमधला जुना वाद आहे आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. समोरच्या जमिनीवर घट नाही हे ज्ञान नेमके कशामुळे होते, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसकांनी आणि त्यांच्या मागोमाग अद्वैत वेदान्त्यांनी अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणे, हे सहावे स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांनी अभावाचे ज्ञान प्रत्यक्षातच बसवले. प्रभाकरांच्या अनुयायांनी अभाव नावाचा वेगळा पदार्थ मानायलाच नकार दिला. आणि बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी अनुपलब्धीला अनुमानाच्या हेतूंमध्ये जागा दिली. एवढ्या मतभेदांतही अभाव मानणाऱ्यांनी आपापल्या परिभाषेत एक अट सांभाळली आहे, ती योग्यतेची. घट इथे असता तर तो दिसलाच असता, अशी सामग्री जिथे पूर्ण आहे, म्हणजे उजेड आहे, डोळे शाबूत आहेत, मध्ये आडोसा नाही, तिथेच त्याचे न दिसणे हे त्याच्या नसण्याचे प्रमाण ठरते. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, आणि पिशाचासारखे जे स्वभावतःच अदृश्य मानले आहे त्याच्या न दिसण्यावरून त्याचा अभावही सिद्ध होत नाही. या अटीसह होणाऱ्या अनुपलब्धीला योग्यानुपलब्धी म्हणतात. धर्मकीर्ती जवळपास त्याच अर्थाने दृश्यानुपलब्धी ही संज्ञा वापरतात.

ही अट आज जिथे रोज कसाला लागते अशी एक जागा म्हणजे बँका, रुग्णालये, विद्यापीठे आणि कारखाने यांच्या सर्व्हर रूम. तेथील एका मोठ्या सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालतात. त्यांना कामकाजात व्हीएम म्हणतात. प्रत्येक व्हीएम म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला एक पूर्ण संगणक असतो : तिची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम असते, तिला स्वतःची मेमरी आणि स्वतःचे प्रोसेसर असल्याचे दिसते. खालच्या खऱ्या सर्व्हरला होस्ट, वर चालणाऱ्या यंत्रणेला गेस्ट, आणि खरे प्रोसेसर क्षणाक्षणाला वेगवेगळ्या गेस्टना वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरवायझर असे नाव आहे. गेस्टला जो प्रोसेसर दिसतो तो व्हीसीपीयू. तो खऱ्या कोअरवर बसवला जातो तेव्हाच त्याच्या हातून काही काम होते, एरवी तो केवळ एक नोंद असतो. ही कल्पना नवी नाही. आयबीएमच्या केंब्रिज येथील केंद्रात १९६०च्या दशकात तिचा पाया घातला गेला, १९७२ साली व्हीएम/३७० या नावाने ती बाजारात आली, आणि १९९९ साली व्हीएमवेअरने ती साध्या एक्स८६ संगणकांवर आणली.

अशा सर्व्हरवरील एखादी व्हीएम मंद चालू लागली की जो तपास सुरू होतो, तो वरवर पाहता केवळ तांत्रिक असतो. वापरणाऱ्याची तक्रार असते की सकाळी अकरानंतर बिल निघायला फार वेळ लागतो. गेस्ट सांभाळणारा ॲडमिन टास्क मॅनेजर उघडतो, प्रोसेसरचा वापर ६० टक्क्यांच्या आसपास आहे असे पाहतो आणि प्रोसेसरची अडचण नाही असा निर्वाळा देतो. हा निर्वाळा अभावाचे विधान आहे. 'प्रोसेसरची टंचाई दिसत नाही, म्हणून ती नाही' असे त्याचे रूप आहे, आणि म्हणूनच त्याला योग्यतेची अट लागू होते. टंचाई असती तर ती टास्क मॅनेजरमध्ये दिसलीच असती काय, हा प्रश्न विचारल्याशिवाय ते विधान प्रमाण ठरत नाही. आणि या प्रश्नाचे उत्तर, व्हर्च्युअल मशीनच्या रचनेमुळेच, बहुतेक वेळा नकारार्थी आहे.

जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ साली व्हर्च्युअल मशीनची जी औपचारिक लक्षणे मांडली, त्यांतले पहिले समतुल्यतेचे आहे : खऱ्या यंत्रावर कोणताही प्रोग्रॅम जसा वागेल तसाच तो व्हर्च्युअल यंत्रावर वागला पाहिजे. पण या लक्षणाला त्यांनी दोन अपवाद जोडले, एक साधनसामग्रीच्या उपलब्धतेचा आणि दुसरा वेळेचा. इतर सर्व बाबतींत गेस्टला आपण दुसऱ्याच्या आधारावर उभे आहोत याचा सुगावा लागू नये असा सारा खटाटोप आहे. तो सफल झाला की बेरीज तीच येते, फाइल तीच लिहिली जाते, फरक पडतो तो केवळ ते केव्हा घडले यात. म्हणजे परावलंबन जिथून उघडे पडू शकते अशी फट काळाची आहे, आणि गेस्टकडे काळ मोजण्याचे जे साधन आहे तेही त्याच परावलंबनात अडकलेले आहे. प्रोसेसरच्या मंदपणाचा तपास अवघड होतो तो या एका कारणाने.

ही गोष्ट आकड्यांत पाहणे उपयुक्त ठरेल. हायपरवायझरच्या दृष्टीने प्रत्येक व्हीसीपीयू कोणत्याही क्षणी ढोबळमानाने तीनपैकी एका अवस्थेत असतो : तो कोअरवर चालत असतो, काम नाही म्हणून किंवा डिस्कसारख्या साधनाची वाट पाहत स्वस्थ असतो, अथवा काम तयार असूनही कोअर मोकळा नाही म्हणून रांगेत उभा असतो. या तिसऱ्या अवस्थेत गेलेल्या काळाला रेडी टाइम म्हणतात. समजा, ८ व्हीसीपीयू असलेल्या एका व्हीएमचा रेडी टाइम व्हीएमवेअरच्या व्हीसेंटर या साधनाच्या रिअल-टाइम आलेखात ८००० मिलिसेकंद दिसतो आहे. या आलेखातले प्रत्येक माप २० सेकंदांचे, म्हणजे २०००० मिलिसेकंदांचे असते. त्या हिशेबाने एकूण रेडी ४० टक्के झाला, आणि तो आठ व्हीसीपीयूंत वाटल्यावर प्रत्येकी ५ टक्के उरला. म्हणजे दर वीस सेकंदांतला एक सेकंद प्रत्येक व्हीसीपीयू काम हातात घेऊन नुसता ताटकळत होता. प्रत्येकी ५ टक्क्यांपासून सावध व्हावे आणि १० टक्क्यांच्या पुढे ती गंभीर बाब समजावी, असा या क्षेत्रातला रूढ ठोकताळा आहे. पण केवळ सरासरीवर विसंबून चालत नाही, कारण तो एक सेकंद सलग नसतो. तो शेकडो लहान तुकड्यांत विखुरलेला असतो, आणि बिल तयार करण्यासारख्या कामात प्रोसेसर थोडा थोडा पण पुन्हा पुन्हा लागत असल्याने दर वेळी नव्याने रांगेत उभे राहावे लागते.

हा ताटकळण्याचा काळ गेस्टच्या आतून का दिसत नाही, याचे कारण तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला ओळखीचे वाटेल. व्हीसीपीयू कोअरवरून उतरवला गेला की गेस्टमधले काहीच चालत नाही. टास्क मॅनेजर चालत नाही, मोजमाप ठेवणारा कर्नल चालत नाही, आणि 'आपण थांबलो आहोत' असे नोंदवणारे कोणीही आत जागे नसते. गाढ झोपेचा, म्हणजे सुषुप्तीचा प्रश्न दर्शनांनी याच ठिकाणी उभा केला आहे. झोपेतून उठलेला माणूस म्हणतो की आपण सुखाने झोपलो होतो आणि आपल्याला काहीच कळले नाही. अद्वैत वेदान्ताच्या मते ही आठवण आहे, आणि आठवण पूर्वीच्या अनुभवाशिवाय होत नसल्याने सुषुप्तीतही अज्ञानाचा अनुभव घेणारा साक्षी मानावा लागतो. नैयायिकांना हे मान्य नाही; त्यांच्या मते ते अनुमान आहे. जागे झाल्यावरच्या शरीराच्या प्रसन्न अवस्थेवरून आणि मधल्या काळातले काहीच स्मरत नसल्यावरून माणूस तर्काने ठरवतो की त्या वेळी ज्ञान नव्हते. व्हीएमची स्थिती या वादात नैयायिकांच्या वर्णनाशी तंतोतंत जुळते. तिच्या आत साक्षी नाही. तिला आपल्या खंडित काळाचे ज्ञान झालेच तर ते बाहेरच्या एखाद्या घड्याळाशी ताडून, मागाहून आणि अनुमानानेच होते. मनुष्याच्या सुषुप्तीचा निर्णय यावरून करणे अर्थात अनाठायी होईल, कारण अद्वैताचा साक्षी हा मनाच्या यंत्रणेचा भाग नाहीच आणि यंत्रात तो सापडला नाही ही वस्तुस्थिती स्वतःच एक अयोग्यानुपलब्धी आहे. परंतु साक्षी नसलेल्या ज्ञात्याला स्वतःच्या खंडांविषयी काय कळू शकते आणि काय कळू शकत नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण प्राचीनांच्या हाती नव्हते.

जुन्या ऑपरेटिंग सिस्टीम काळ मोजत त्या ठरावीक अंतराने येणाऱ्या टायमरच्या ठोक्यांची गणती करून. व्हीएम उतरवलेली असताना हे ठोके तिच्यापर्यंत पोहोचत नसत, ते साचत, आणि ती पुन्हा चालू झाली की हायपरवायझर ते भराभर पोहोचवून तिचे घड्याळ खऱ्या वेळेला आणून मिळवत असे. त्यामुळे गेस्टमधली घड्याळे कधी मागे पडत, कधी धावत. नव्या व्यवस्थेत हा दोष बराच कमी झाला आहे. मात्र वापराच्या टक्केवारीचा प्रश्न घड्याळ बरोबर झाल्याने सुटत नाही. एखादी प्रक्रिया चालू असतानाच तिच्या पायाखालचा कोअर काढून घेतला गेला, तर गेस्टच्या वहीत तो गेलेला वेळ त्या प्रक्रियेच्या खात्यावर पडू शकतो, आणि तिने न वापरलेला प्रोसेसर तिने वापरला असे दिसू लागते. म्हणजे गेस्टच्या आतले दर्शन टंचाई न दाखवण्यापुरतेच अपुरे आहे असे नाही. काही वेळा ते टंचाईला काम म्हणून दाखवते. एक वस्तू दुसऱ्या वस्तूच्या रूपाने दिसणे, ज्याला नैयायिक अन्यथाख्याती म्हणतात, त्याच प्रकारचा हा भ्रम आहे.

केव्हीएम आणि झेन या हायपरवायझरांवर चालणाऱ्या लिनक्स गेस्टमध्ये या अडचणीवर एक उपाय आहे. तिथे टॉप या आज्ञेच्या उत्तरात 'एसटी' असा एक स्तंभ दिसतो. त्याला स्टील टाइम म्हणतात, आणि गेस्टला चालायचे असताना होस्टने तिला चालू न दिलेल्या वेळेचा तो टक्का असतो. अनेक ॲडमिन याला गेस्टने केलेले मोजमाप समजतात. वास्तविक केव्हीएममध्ये गेस्ट मेमरीचे एक लहानसे ठिकाण होस्टला नेमून देते आणि होस्ट तिथे आपला हिशेब लिहून ठेवतो. गेस्ट केवळ तो वाचते. म्हणजे हे ज्ञान प्रत्यक्ष नाही आणि अनुमानही नाही; ते शब्दप्रमाणाने, ज्याला ते ठाऊक आहे त्याच्या सांगण्यावरून झालेले ज्ञान आहे. आणि सांगणारा गप्प असला तर शून्य टक्क्याचा अर्थ बदलतो. काही व्यवस्थांत गेस्टला हा आकडा मुळी पुरवलाच जात नाही. तिथे स्तंभात दिसणारे शून्य टंचाईच्या अभावाचे द्योतक नसते, सांगणाऱ्याच्या मौनाचे असते. या दोन शून्यांत फरक करता येणे, हे या तपासातले पहिले कौशल्य मानले पाहिजे.

योग्यतेच्या अटीचा सर्वांत धारदार वापर उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत केला आहे. ईश्वर दिसत नाही म्हणून नाही, असे म्हणणाऱ्या चार्वाकाला ते विचारतात की न दिसणे एवढेच जर नसण्याचे प्रमाण असेल, तर घराबाहेर पडलेल्या चार्वाकाने बायकामुले दिसत नाहीत म्हणून ती उरली नाहीत असे समजून शोक करायला हवा. या युक्तिवादाचे बळ मोठे आहे. पण ते कुठे संपते हेही पाहिले पाहिजे. अयोग्य वस्तूच्या अनुपलब्धीने निषेध सिद्ध होत नाही, एवढेच त्यातून निघते. विधान सिद्ध होत नाही. ईश्वराच्या सिद्धीसाठी उदयनांना याच ग्रंथात पुढे स्वतंत्र अनुमाने मांडावी लागली, ती यामुळेच. सर्व्हर रूममध्ये ही मर्यादा वारंवार विसरली जाते. गेस्टच्या आत काही सापडले नाही की हायपरवायझर न दिसणारा आहे, म्हणून दोष त्याचाच असणार, असे आरोपांचे सत्र सुरू होते. होस्टवरचा रेडी टाइम, स्टील टाइम किंवा ज्याचा खुलासा पुढे येतो तो को-स्टॉप यांपैकी काहीतरी भावरूपाने दाखवल्याशिवाय हा आरोप टिकत नाही. गेस्टचे न दिसणे होस्टला निर्दोष ठरवत नाही, आणि दोषीही ठरवत नाही.

मंदपणा मान्य झाला की सर्वांत आधी सुचणारा उपाय म्हणजे व्हीसीपीयू वाढवणे, आणि इथे अनुमानाचा एक सूक्ष्म दोष आड येतो, ज्याला न्यायशास्त्रात उपाधी म्हणतात. धूर आहे तिथे अग्नी आहे, हे अनुमान निर्दोष आहे. अग्नी आहे तिथे धूर आहे, हे मात्र सदोष, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो. धुरासाठी ओल्या लाकडाचा अग्नीशी संयोग लागतो. हा संयोग जिथे जिथे धूर तिथे तिथे असतोच, पण जिथे जिथे अग्नी तिथे तिथे असतोच असे नाही; साध्याला (इथे धुराला) व्यापणारी पण हेतूला (इथे अग्नीला) न व्यापणारी अशी ही जी तिसरी गोष्ट, तिलाच उपाधी असे म्हणतात. आता 'व्हीसीपीयू अधिक म्हणून वेग अधिक' हे अनुमान याच मापाने तपासून पाहावे. जिथे वेग आहे तिथे खऱ्या कोअरचा वेळ प्रत्यक्ष मिळत असतोच. पण जिथे व्हीसीपीयू आहेत तिथे तो मिळत असतोच असे नाही. कोअरचा वेळ मिळणे ही इथली उपाधी आहे. साध्या, व्हर्च्युअल नसलेल्या संगणकात प्रोसेसर आणि त्याचा वेळ एकत्रच येत असल्याने ही उपाधी नजरेत येत नव्हती, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने 'प्रोसेसर वाढवा, काम पळेल' ही व्याप्ती, म्हणजे अपवाद नसलेले साहचर्य, पक्की झाली होती. ती व्याप्ती नव्हती. तिच्यासोबत गुपचूप एक अट चालत आली होती.

व्हर्च्युअल मशीनमध्ये हा उपाय निरुपयोगी ठरतो एवढ्यावर थांबत नाही. अनेकदा तो अपाय करतो. अनेक प्रोसेसर असलेल्या गेस्टमधील ऑपरेटिंग सिस्टीम असे गृहीत धरते की आपले सर्व प्रोसेसर साधारण एकाच गतीने पुढे सरकत आहेत. एका व्हीसीपीयूने एखाद्या सामाईक माहितीवर लॉक घेतले आणि नेमका त्याच वेळी तो कोअरवरून उतरवला गेला, तर दुसरे व्हीसीपीयू ते लॉक सुटेपर्यंत जागच्या जागी फिरत राहतात. कोअर खर्ची पडतो, काम इंचभरही पुढे जात नाही, आणि गेस्टच्या टास्क मॅनेजरमध्ये मात्र प्रोसेसर अतिशय व्यग्र असल्याचे दिसते. एकाच व्हीएमच्या व्हीसीपीयूंच्या प्रगतीतले अंतर फार वाढू नये म्हणून व्हीएमवेअरच्या ईएसएक्स या हायपरवायझरच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये एका व्हीएमचे सर्व व्हीसीपीयू एकाच वेळी चढवावे लागत. तिसऱ्या आवृत्तीपासून हा नियम सैल झाला आणि आता पुढे गेलेल्या व्हीसीपीयूला मागच्यासाठी थांबवले जाते. या थांबण्याच्या काळाला को-स्टॉप म्हणतात. गरजेपेक्षा जास्त व्हीसीपीयू दिलेली व्हीएम अशा रीतीने स्वतःच्याच अंगांमुळे अडखळते आणि शेजारच्या व्हीएमचीही रांग वाढवते. आठाऐवजी चारच व्हीसीपीयू ठेवल्यावर व्हीएम जलद झाली, हा अनुभव या क्षेत्रात मुरलेल्या लोकांना वारंवार येतो. तो चमत्कार नव्हे, ओले लाकूड कुठे आहे हे ओळखल्याचे ते फळ आहे.

कारणविचाराचा दुसरा धडा विश्वनाथ पंचाननांच्या भाषापरिच्छेदात मिळतो. कार्याच्या आधी जे जे असते ते सारे कारण नसते. जे आधी असूनही कार्याच्या उत्पत्तीला लागत नाही, ते अन्यथासिद्ध. त्यांनी सांगितलेल्या पाच प्रकारांत घटाच्या बाबतीत कुंभाराचा बाप येतो आणि माती वाहून आणणारे गाढवही येते. मंद व्हीएमच्या भोवती अशी गाढवे पुष्कळ उभी असतात : गेल्या आठवड्यात बदललेले अँटिव्हायरस, शेजारी नव्याने आलेली एक व्हीएम, महिनाअखेर. यांतले एखादे खरे कारण असूही शकेल, पण केवळ आधी असण्याने ते कारण ठरत नाही. याच्या उलट, खरे कारण कित्येक महिने तिथेच निमूट पडून असू शकते. त्यातले एक वारंवार सापडणारे म्हणजे लिमिट. साचा म्हणून तयार केलेल्या व्हीएमवर कधी काळी कोणी तरी २००० मेगाहर्ट्‌झची मर्यादा घातलेली असते. त्या साच्यापासून नवी व्हीएम काढली की मर्यादाही सोबत येते, आणि पुढे व्हीसीपीयू एकाचे चार केले तरी चौघांना मिळून तेवढेच २००० मेगाहर्ट्‌झ मिळत राहतात. अशा वेळी ईएसएक्सटॉप या साधनात रेडीचा आकडा मोठा दिसतो आणि होस्टवर गर्दी आहे असे वाटू लागते. पण त्या आकड्यातच लिमिटमुळे अडवलेला वेळही मिसळलेला असतो. तो वेगळ्या स्तंभात दाखवला जातो, आणि वजा केल्यावर कधी कधी असे दिसते की होस्टचे निम्मे कोअर मोकळे होते आणि व्हीएम केवळ आपल्या मर्यादेशी झगडत होती. मर्यादा काढल्यावर व्हीएम ताबडतोब सुधारली, आणि पुन्हा घातल्यावर ती पुन्हा मंदावली, तर अन्वय आणि व्यतिरेक, म्हणजे कारण असता कार्य असणे आणि कारण नसता कार्य नसणे, दोन्ही हाती येतात; शेजारची व्हीएम निरपराध ठरते.

इथवरच्या विवेचनावरून गेस्ट म्हणजे मायेत गुरफटलेला जीव आणि होस्ट म्हणजे परमार्थ, असे रूपक मांडण्याचा मोह होतो, आणि तो आवरला पाहिजे. होस्टची दृष्टी व्यापक आहे, पण ती सर्वज्ञ नाही. गेस्टमधील एखादा प्रोग्रॅम डेटाबेसमधले लॉक सुटण्याची वाट पाहत थांबला असेल, तर होस्टला केवळ एक स्वस्थ व्हीसीपीयू दिसतो. तो रिकामा बसला आहे की अडला आहे, हे होस्टला ओळखता येत नाही, आणि ते केवळ गेस्टच्या आतूनच कळते. शिवाय होस्टही कशावर तरी उभा आहे. त्याच्या बायोसमध्ये वीज वाचवण्याची पद्धत निवडलेली असेल तर कोअर कमी गतीवर धावतो, आणि हायपरवायझरच्या आलेखात रांग नसतानाही काम रेंगाळते. हायपरथ्रेडिंग सुरू असता एका कोअरचे दोन धागे दोन प्रोसेसर म्हणून दिसतात, पण दोघांची मिळून क्षमता दोन कोअरएवढी नसते. दोन सॉकेटच्या सर्व्हरमध्ये एका सॉकेटवरच्या व्हीसीपीयूला दुसऱ्या सॉकेटला जोडलेल्या मेमरीतून माहिती आणावी लागली की तो प्रत्येक वेळी थोडा जास्त थांबतो, आणि हे थांबणे रेडीत मोजले जात नाही. ते 'चालत आहे' या सदरातच जमा होते. प्रत्येक पातळीला काही गोष्टी दिसण्यासारख्या आहेत आणि काही नाहीत, आणि खालची पातळी वरच्या पातळीपेक्षा अधिक खरी आहे असे नसून ती वेगळ्या गोष्टींच्या बाबतीत योग्य आहे, एवढेच म्हणता येते. सर्वांत खाली जाऊन एकच एक अंतिम सत्य हाती लागेल, ही अपेक्षा या क्षेत्रात तरी फलद्रूप होत नाही.

यामुळे जिला सर्वांत कमी महत्त्व दिले जाते त्या साक्षीला तिचे स्थान द्यावे लागते. ती साक्ष म्हणजे वापरणाऱ्याची तक्रार. वात्स्यायनांनी न्यायभाष्यात आप्ताचे लक्षण करताना दोन गोष्टी मागितल्या आहेत : वस्तू प्रत्यक्ष अनुभवलेली असणे आणि ती अनुभवली तशी सांगण्याची इच्छा असणे, आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे असे त्यांनी स्पष्ट म्हटले आहे. आप्तपणा पदावर किंवा विद्वत्तेवर अवलंबून नाही, विषयाशी असलेल्या निकट संबंधावर आहे, हा या विधानातला उदार भाग आहे. बिलाच्या खिडकीवर बसलेली व्यक्ती प्रोसेसरविषयी आप्त नाही, रेडी टाइमविषयी नाही. पण आपले काम किती वेळ अडले याविषयी तिच्याइतके आप्त दुसरे कोणीच नाही, कारण तिच्या हातात एक असे घड्याळ आहे जे होस्टच्या वाटपात अडकलेले नाही, आणि तिच्यासमोर रांगेत उभी माणसे आहेत. डॅशबोर्ड हिरवा आहे म्हणून तिचे म्हणणे खोटे, असा निष्कर्ष काढणारा ॲडमिन अयोग्य अनुपलब्धीने योग्य प्रत्यक्षाचा बाध करतो. हा केवळ सौजन्याचा अभाव नाही, तर्कातली चूक आहे, आणि तिचे परिणाम रांगेत उभ्या असलेल्यांना सोसावे लागतात. तक्रार ऐकताना 'मंद आहे' एवढ्यावर न थांबता कोणते काम, किती वाजता, किती सेकंद, पूर्वी किती, हे विचारून घेतले की ती साक्ष होस्टवरच्या आलेखाशी ताडून पाहता येते.

कारण सापडले असे वाटल्यावर ते खरे कशावरून, हा प्रश्न उरतोच. ज्ञानाचे प्रामाण्य त्याच्यातूनच कळते असे मीमांसक मानतात. नैयायिकांच्या मते ते बाहेरून, मुख्यतः त्या ज्ञानावर केलेली कृती फळाला आली की नाही यावरून कळते. तपासाचे काम अर्थातच दुसऱ्या मताने चालते, पण त्या मतालाही काळजीपूर्वक वापरावे लागते. मंद व्हीएम चालू स्थितीतच दुसऱ्या होस्टवर हलवली आणि ती सुधारली, तर कृती फळाला आली हे खरे. पण हलवताना शेजारी बदलले, मेमरीची मांडणी बदलली, बायोसमधील विजेची निवड बदलली आणि कदाचित प्रोसेसरची पिढीही बदलली. फळ मिळाले, पण ते कशाचे हे या एका कृतीने ठरत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बदलापूर्वीचे आकडे लिहून ठेवावेत आणि शक्य असेल तिथे बदल मागे घेऊन दोष परत येतो का हे पाहावे, ही शिस्त म्हणजे अन्वयव्यतिरेकाचेच व्यावहारिक रूप आहे. सेवा पूर्ववत करण्याची घाई असलेल्या संस्थांत ती पाळली जात नाही, आणि म्हणूनच तोच मंदपणा काही महिन्यांनी दुसऱ्या होस्टवर पुन्हा उगवतो.

या सर्व विचाराची सर्वांत कठीण कसोटी सार्वजनिक क्लाउडमध्ये लागते. तिथे गेस्ट एका संस्थेची आणि होस्ट दुसऱ्या कंपनीचा असतो; ग्राहकाला होस्टवरचा रेडी टाइम पाहण्याची सोय नसते, शेजारी कोण आहेत हे सुरक्षिततेच्या कारणाने सांगितले जात नाही, आणि जे कळते ते पुरवठादार सांगेल तेवढेच. वात्स्यायनांच्या लक्षणातली पहिली अट, म्हणजे प्रत्यक्ष अनुभव, पुरवठादार पूर्णपणे भागवतो. दुसरी, जसे आहे तसे सांगण्याची इच्छा, तिच्याविषयी ग्राहकाला करारावर भिस्त ठेवावी लागते. अशा स्थितीत ग्राहकाच्या हाती राहणारा मार्ग अनुमानाचा आहे : ठरावीक आकाराचे, फक्त प्रोसेसर वापरणारे एक लहान गणित दिवसाच्या निरनिराळ्या वेळी चालवावे, त्याला लागलेला वेळ बाहेरच्या भरवशाच्या घड्याळाशी ताडून नोंदवत जावे, आणि काम तेच असताना वेळ बदलत असेल तर मधला काळ कुठेतरी गेला असे या लिंगावरून, म्हणजे खुणेवरून, ठरवावे. तो शेजाऱ्यांच्या गर्दीमुळे गेला, स्वस्त दराच्या योजनेतील प्रोसेसरचा वाटा संपल्यामुळे गेला, की होस्टची गती उतरवल्यामुळे गेला, हे त्या लिंगावरून कळत नाही. त्यासाठी पुरवठादाराकडे तारीख, वेळ आणि सेकंदांसह विचारणाच करावी लागते, आणि त्याने दिलेले उत्तर पुन्हा त्याच लहान गणिताने पडताळून पाहावे लागते.